कापूस वेचायला जाणारा सातवीचा मुलगा बालकामगार ठरतो का?

प्रश्न : सातवीची वर्गशिक्षिका, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात राहते आणि हिंगणा तालुक्यातील एका शाळेत सातवीच्या वर्गाला इतिहास व नागरिकशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात शोषणाविरुद्धच्या हक्काचा पाठ चालू होता. संविधानाचा अनुच्छेद २४ फळ्यावर लिहिला. १४ वर्षांखालील बालकाला कारखान्यात, खाणीत किंवा अन्य धोकादायक कामावर ठेवता येत नाही, हे समजावून सांगितले. आणि हा प्रश्न साऱ्या जगाचा आहे हे मुलांच्या लक्षात यावे म्हणून घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या कोकोच्या बागा, काँगोमधल्या कोबाल्टच्या खाणी आणि पाकिस्तानात कर्जापोटी गालिच्याच्या मागावर बसवल्या गेलेल्या इक्बाल मसीहची हकिगत सांगितली. तेथून सुटून बालमजुरीविरुद्ध बोलू लागलेला हा मुलगा १९९५ साली गोळी लागून मारला गेला, हे ऐकून वर्ग अगदी गप्प झाला. त्या शांततेत दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत विचारले, "मॅडम, हा दिवाळीपासून कापूस वेचायला जातो. मग हापण बालकामगार आहे का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. पुढच्या तासाला सांगते, असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

तो मुलगा १२ वर्षांचा आहे. वडील नाहीत. सकाळी साडेसात वाजता मजूर नेणारी मालवाहू गाडी गावात येते, त्यात तो आईबरोबर बसतो आणि अंधार पडता पडता परत येतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्याने वेचलेला कापूस आईच्याच गाठोड्यात जातो, संध्याकाळी काट्यावर एकच वजन होते आणि वहीत आईच्या नावापुढे एकच आकडा पडतो. मी घरी जाऊन आल्यावर आईने मला सांगितले, "दोन हातांच्या जागी चार हात असले का तोलात फरक पडते, मॅडम." त्या माउलीला काय उत्तर द्यावे, हेही मला कळले नाही.

शिक्षककक्षात हा विषय काढला तेव्हा बहुतेकांचे म्हणणे पडले की आपण सगळेच लहानपणी शेतात राबलो, त्याला बालमजुरी म्हणू लागलो तर अर्धा विदर्भ गुन्हेगार ठरेल. एका सहकाऱ्यांनी तर हे सगळे युरोपीय देशांचे निकष आहेत, आपल्या खेड्यांना ते लागू पडत नाहीत, असे ठामपणे सांगितले. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. म्हणून येथे विचारते : कायद्याच्या दृष्टीने हा मुलगा बालकामगार आहे का? कोकोच्या बागेतल्या मुलाशी त्याची तुलना करणे योग्य आहे का? आणि मी कोठे तक्रार केली, तर त्याचे भले होईल की त्या घराची चूल विझेल?

उत्तर : वकिली करणारा एक वाचक, सिव्हिल लाइन्स

ताई, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर "होय" असे आहे. ते का, हे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपातही थोडे तथ्य आहे आणि ते बाजूला सारता येणार नाही.

अनुच्छेद २४ मध्ये कारखाना, खाण आणि धोकादायक काम एवढेच शब्द आहेत. शेत त्यात नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यानेही ठरावीक व्यवसायांपुरतीच बंदी घातली होती. घरकाम आणि हॉटेल-ढाबे त्या यादीत यायला १० ऑक्टोबर २००६ उजाडावा लागला. मोठा बदल झाला तो २०१६ च्या दुरुस्तीने. त्यानंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा झाला आणि १४ ते १८ या वयाच्या किशोरांना खाणी, स्फोटके व ज्वलनशील पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांतून वगळले गेले. ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षे कैद, २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पालकांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, एवढे त्या आईला आवर्जून सांगा. गावोगावी लोक याच भीतीने मुलाचे वय लपवतात.

याच दुरुस्तीने एक सवलतही ठेवली, आणि सगळा घोळ तिथे आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मूल आपल्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या व्यवसायाला मदत करू शकते, अट एवढीच की काम धोकादायक नसावे. "कुटुंब" म्हणजे आई, वडील, भावंडे, काका, आत्या, मामा आणि मावशी. स्वतःच्या वावरात रविवारी आईबाबांबरोबर कापूस वेचणारा मुलगा या सवलतीत बसतो, आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या आठवणी बहुधा अशाच कामाच्या असतील. तुमच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. शेत दुसऱ्याचे आहे, वेळ शाळेची आहे आणि त्याच्या कामाचे पैसे घरात येतात. २०१७ च्या नियमांनी हे आणखी स्पष्ट केले : शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत मुलाने ही मदतसुद्धा करायची नाही. साडेसातला गाडीत बसणारे मूल "मदत" करायला चालले आहे, असे म्हणायला कायद्यात जागा नाही. मोबदला आईच्या नावावर पडतो, म्हणून मुलाला कामावर ठेवलेच नाही, हा बचाव मला टिकाऊ वाटत नाही.

युरोपीय निकषांबद्दल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा किमान वयाचा १९७३ चा करार क्रमांक १३८ आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १९९९ चा करार क्रमांक १८२, या दोन्हींना भारताने १३ जून २०१७ रोजी मान्यता दिली. दुसऱ्या कराराला तर २०२० मध्ये संघटनेच्या सर्वच्या सर्व सदस्य देशांची मान्यता मिळाली, आणि असे भाग्य त्या संघटनेच्या कोणत्याही कराराला त्याआधी लाभले नव्हते. आणखी एक गोष्ट इतिहासाच्या शिक्षिकेला आवडेल. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तेव्हा देशात कामगाराच्या वयाचा कायदाच नव्हता. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ मध्ये आला आणि त्याने किमान वय ठरवले ७ वर्षे. ७ ते १२ वर्षांच्या मुलांनी दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम करू नये, एवढीच काय ती दया. तेथून १४ वर्षांपर्यंत आपण येथल्या कामगार चळवळीच्या, येथल्या संविधानकर्त्यांच्या आणि येथल्या न्यायालयांच्या बळावर आलो. हा निकष बाहेरून लादलेला आहे, असे म्हणणे म्हणजे या सगळ्यांचे श्रेय नाकारणे आहे.

मोजमापही बरेच समजूतदार आहे. मुलाने केलेले प्रत्येक काम बालमजुरीत धरले जात नाही. जागतिक आकडेवारीत ५ ते ११ वर्षांच्या मुलाने आठवड्यात १ तास जरी आर्थिक स्वरूपाचे काम केले, तरी ते मोजतात; १२ ते १४ वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा १४ तासांची आहे. तुमचा विद्यार्थी आठवड्यातून किती दिवस जातो?

शेवटी तुमच्या स्वतःच्या जबाबदारीविषयी. २०१७ च्या नियमांप्रमाणे एखादे मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकांनी ते जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायचे असते. ही तक्रार मानली जात नाही, ती केवळ माहिती असते. तेथून सुरुवात करणे सर्वांत सौम्य आणि सर्वांत योग्य ठरेल.

उत्तर : कापूस उत्पादक शेतकरी, काटोल तालुका

मॅडम, ज्याच्या वावरात अशी मुले येतात, त्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे, म्हणून लिहितो.

मी स्वतः लहानपणी कापूस वेचला आहे. सीतादहीची पूजा झाली की पहिल्या वेच्याला आम्ही भावंडे आईमागे सऱ्यांतून फिरायचो, आणि त्या दिवसांची आठवण आजही गोड आहे. पण वकीलसाहेबांनी लिहिलेला फरक वाचून मी थांबलो. ते वावर आमचे होते, दिवस सुटीचे होते आणि बोटे खरचटली की आई घरी पाठवायची. माझी शाळा त्यापायी एक दिवसही बुडाली नाही. माझ्या शेतात आज दुसऱ्याचे मूल येते, त्याचे तसे नसते, हे मला मान्य करावे लागेल.

आता अडचण सांगतो. बोंड फुटले की कापूस थांबत नाही. अवकाळी पाऊस आला तर भिजलेल्या कापसाची कवडी होते, प्रत उतरते आणि व्यापारी भाव पाडतो. त्या पंधरा दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या गावांना एकाच वेळी मजूर हवे असतात. टोळी आणणारा माणूस गाडीभर बाया आणतो, त्यांत कोण किती वर्षांचे, हे मी विचारत नाही. मागच्या हंगामात दोन मुले सऱ्यांत दिसली. आभाळ भरून आले होते. मी पाहिले आणि गप्प राहिलो. हे लिहिताना मला चांगले वाटत नाही, पण तुम्ही इतक्या मोकळेपणाने विचारले, तर उत्तरही तसेच द्यायला हवे.

एकदा मी किलोऐवजी रोजाने मजुरी देऊन पाहिली. त्या वेळी एकही मूल आले नाही, कारण मूल आणून आईला काहीच जास्त मिळणार नव्हते. पण वेचणी संथ झाली, खर्च वाढला आणि दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा किलोवर आलो. माझ्या चार एकर कोरडवाहूत तो तोटा सोसण्याची ताकद नव्हती.

म्हणून एक मागणे आहे. गुन्हा नोंदला जाईल तो माझ्यासारख्यावर. माझ्याकडून कापूस घेणारा व्यापारी, जिनिंग, सूतगिरणी, कापडाचा कारखाना आणि शेवटी तो सदरा परदेशात विकणारे दुकान, यांच्यापैकी कोणालाही त्या मुलाबद्दल कोणी विचारणार नाही. सदऱ्याच्या किमतीत वेचणीचा वाटा किती असतो, हे कोणीतरी एकदा नीट मांडावे. आणि फवारलेल्या शेतात मुलाला नेऊ नये, हे मात्र मी आता टोळीवाल्याला बजावणार आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जी माणसे गेली, ती मोठी, धडधाकट माणसे होती.

सातवीची वर्गशिक्षिका :

वकीलसाहेब आणि भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. भाऊ, तुम्ही जे कबूल केले, ते लिहायला धैर्य लागते.

हजेरीपट काढून पाहिला. सलग ३० दिवसांचा नियम या मुलाला लागू होत नाही, कारण तो दर मंगळवारी शाळेत येतो. मंगळवार गावच्या बाजाराचा दिवस आहे, त्या दिवशी वेचणी नसते. बाकीचे पाच दिवस तो शेतात असतो. जेवणाची सुटी वगळून रोजचे आठ तास धरले, तरी आठवड्याचे ४० होतात. १४ तासांच्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट. कागदावर मात्र तो नियमित "शाळेत येणारा" विद्यार्थी आहे, आणि हे काम मीच इतके दिवस करत होते, कारण मंगळवारी त्याला पाहून मला बरे वाटत असे.

उत्तर : कामगार विभागातून निवृत्त झालेला एक अधिकारी, नागपूर

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या चुकीपासून देतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही शहरातल्या एका खानावळीवर धाड घातली आणि तीन मुले सोडवली. मालकावर खटला भरला, वर्तमानपत्रात बातमी आली, माझे कौतुक झाले. मुलांना बालकल्याण समितीपुढे उभे केले, समितीने पालकांना बोलावून ती त्यांच्या हवाली केली आणि आमची फाइल बंद झाली. सात-आठ महिन्यांनी त्यांतला एक मुलगा मला शहराबाहेरच्या वीटभट्टीवर दिसला. खानावळीत त्याला निदान दोन वेळा पोटभर जेवायला मिळत होते. भट्टीवर तो आईवडिलांनी घेतलेल्या उचलीत बांधला गेला होता. मला पाहून तो पळाला. त्या प्रकरणात घरापर्यंत कोणीच गेले नव्हते, आणि तो "कोणीच" म्हणजे मी.

हेच जगाच्या पाठीवर फार मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. १९९२-९३ च्या सुमारास अमेरिकेच्या संसदेत बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात रोखण्याचे विधेयक मांडले गेले. ते मंजूर झालेच नाही, पण नुसत्या भीतीने बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना, त्यांतही बहुतेक मुलींना, रातोरात कामावरून काढले. त्यांच्यासाठी शाळा उभ्या नव्हत्या आणि घरची कमाई भरून काढण्याची सोयही नव्हती. अनेक मुले दगड फोडणे, रस्त्यावर फिरून माल विकणे यांसारख्या आणखी वाईट कामांत गेली. त्यातून धडा घेऊन १९९५ साली कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला, त्यात शाळेत जागा मिळेपर्यंत मुलाला काढायचे नाही आणि शाळेत गेल्यावर त्याला दरमहा काही रक्कम द्यायची, असे ठरले. क्रम बदलला, एवढेच. पण सगळे मर्म त्या क्रमात होते.

काहीच करू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तुम्ही वर्गात कोकोचे उदाहरण दिले, पण विदर्भातल्या शिक्षिकेला उझबेकिस्तानचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. तेथे कापूस हेच सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि वेचणीच्या हंगामात शाळा बंद करून मुलांना वर्गच्या वर्ग शेतात नेले जात. जगभरातल्या संघटनांनी तो कापूस घेऊ नका म्हणून वर्षानुवर्षे लावून धरले, शेकडो मोठ्या कंपन्यांनी तो नाकारला. साधारण २०१२ पासून लहान मुलांना नेणे थांबू लागले, मग त्यांच्या जागी शिक्षक आणि दवाखान्यातले कर्मचारी जुंपले गेले, आणि २०२१ च्या हंगामात ही सरकारी सक्ती संपल्याचे दिसल्यावर मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. या सगळ्या काळात तेथे वेचणीचा दरही वाढवला गेला, म्हणजे मोठी माणसे आपणहून कामाला येऊ लागली. सक्ती आणि तुटपुंजा दर, दोन्ही हटले, तेव्हा मुले सुटली. आपल्याकडे मुलांना शेतात जा म्हणून कोणी हुकूम काढत नाही. आपल्याकडे ते काम किलोचा दर करतो.

या दराबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तीस वर्षांच्या नोकरीत मला सापडलेले सगळ्यांत खरे सूत्र हेच आहे. जिथे मजुरी नगावर आहे, तिथे मुले आहेत. वीटभट्टीवर हजार विटांमागे, विडीला हजार विड्यांमागे, तेंदूपानाला पुड्यामागे, कापसाला किलोमागे. अशा ठिकाणी आम्ही तपासणीला गेलो की हजेरीवहीत एकही मूल सापडत नसे, आणि ते खोटेही नसे, कारण मुलाला कोणी कामावर घेतलेलेच नसते. घेतलेले असते ते कुटुंब. दर असा बांधलेला असतो की एकट्या माणसाचे पोट त्यात भरत नाही. मग मूल येते. मूल आले की त्याच दरात काम निभावते, म्हणून दर वाढत नाही. काटोलच्या भाऊंनी रोजाने मजुरी दिली तेव्हा मुले आली नाहीत, हा त्यांनी सहज सांगितलेला अनुभव कितीतरी अहवालांपेक्षा मोलाचा आहे. त्यांना तोटा झाला, तो एकट्याने करून पाहिल्यामुळे. वेचणीची किमान रोजमजुरी सगळ्या तालुक्यात एकाच वेळी लागू झाली, आणि कापसाच्या हमीभावात ती मोजली गेली, तर कोणा एका शेतकऱ्यावर तो भार पडणार नाही.

आकडे थोडक्यात देतो, वर्गात उपयोगी पडतील. युनिसेफ आणि कामगार संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात १३.८ कोटी मुले बालमजुरीत आहेत आणि त्यांतली ५.४ कोटी धोकादायक कामांत. २००० साली ही संख्या २४.६ कोटी होती, म्हणजे उतार मोठा आहे. पण २०२५ पर्यंत बालमजुरी संपवण्याचे जे उद्दिष्ट साऱ्या देशांनी स्वीकारले होते, ते हुकले. यांतली ६१ टक्के मुले शेतीत आहेत. फळ्यावर खाण आणि कारखाना लिहिताना शेत सुटते, ते फक्त तुमच्याच वर्गात सुटते असे नाही.

तुम्ही काय करावे? १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहेच, आणि मूल कोंडलेले, मार खाणारे किंवा घरापासून तोडलेले असेल तर क्षणाचाही विचार करू नका. या मुलाच्या बाबतीत मात्र आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. वडील नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, आईला विधवा म्हणून निवृत्तिवेतनाचा अर्ज करता येतो. तो केला आहे का, ते पाहा. घरातली ती किलोवरची मजुरी दुसऱ्या कशाने तरी भरून निघू लागली की मग मुकादमाशी बोला. नियमाचे शब्द सलग ३० दिवस असले, तरी दर आठवड्याला पाच दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाची माहिती मुख्याध्यापकांनी कळवू नये, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

उत्तर : पूर्वी विड्या वळणारी एक परिचारिका, मूळ भंडारा जिल्हा

साहेबांनी विडीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मी अशीच वहीत नसलेली मुलगी होते. आई विड्या वळायची आणि मी तेंदूपान कापून, तंबाखू भरलेल्या विडीची तोंडे मिटून द्यायची. लहान बोटांना ते लवकर जमते. ठेकेदाराकडे माल टाकताना छाट निघायची, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या बाजूला पडायच्या आणि त्यांचे पैसे कापले जायचे. माझ्या हातच्या विड्यांमुळे छाट वाढली की आईचा चेहरा उतरायचा. ती मला कधी रागावली नाही, पण ते ओझे मी सात वर्षांची असल्यापासून वाहिले. शाळेतही माझ्या हातांना तंबाखूचा वास यायचा, म्हणून मी मागे बसायची.

१९९२ पासून आपल्या राज्यात गरीब घरांतल्या आमच्यासारख्या मुलींना प्राथमिक शाळेत उपस्थिती भत्ता मिळू लागला. दिवसाला १ रुपया. हसण्यासारखी रक्कम आहे, पण वर्षाच्या शेवटी ते दोनशे-सव्वादोनशे रुपये एकदम हातात पडले, तेव्हा आईने पहिल्यांदा माझ्या शाळेत जाण्याकडे मिळकत म्हणून पाहिले. पुढे कळले की महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले होते : गरिबांना आपली मुले गुरे राखायला आणि शेतात लागतात, म्हणून नुसत्या शाळा काढून भागणार नाही, त्यांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावी लागतील, आणि निदान १२ वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे लागेल. तुमच्या सहकाऱ्यांना हे जरूर सांगा, मॅडम. आणि तो १ रुपया कितीतरी वर्षे १ रुपयाच राहिला, हेही सांगा.

एक विचारायचे आहे. तो मुलगा आणि आई दिवसभर शेतात असतात, तर घरी कोण असते?

सातवीची वर्गशिक्षिका :

परिचारिकाताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी आज पुन्हा त्या घरी गेले.

घरी त्याची १३ वर्षांची बहीण असते. ती आमच्याच शाळेत आठवीत आहे. सकाळी पाचला उठून दोघांचे डबे करते, पाणी भरते, चार वर्षांच्या धाकट्या भावाला सांभाळते आणि संध्याकाळी शेतातून दोघे येईपर्यंत स्वयंपाक करून ठेवते. तिचे नाव कोणत्याही टोळीत नाही, तिचे वजन कोणत्याही काट्यावर होत नाही, आणि वर्गातल्या त्या मुलीने बोट दाखवावे अशी तिची रिकामी जागाही नाही, कारण आठवीच्या वर्गात तिच्या बाकावर आता दुसरी मुलगी बसते. रात्री मी वाचून काढले की घरकामाचे आठवड्याला २१ तास होत असतील, तर तेही बालमजुरीत मोजण्याची पद्धत आहे, आणि तसे मोजले की मुलगे आणि मुली यांच्या आकड्यांमधला फरक जवळपास निम्म्याने कमी होतो. मी तिच्या तासांची बेरीज करायला घेतली आणि बुधवारपर्यंतच २१ ओलांडले.

सलग ३० दिवसांचा नियम हिला पूर्णपणे लागू होतो. दिवाळीच्या सुटीनंतर ती एकदाही आलेली नाही. आठवीच्या वर्गशिक्षकांना विचारले तर ते म्हणाले, "मुलगी आहे, घरी मदत करत असेल." मीही काल विचारले असते, तर असेच म्हणाले असते.

मुख्याध्यापकांशी आज बोलणे झाले. दोघांचीही माहिती एकाच पत्रात पाठवायची ठरली आहे. धाकट्याचे नाव अंगणवाडीत घातले तर बहिणीचा दिवसाचा मोठा भाग मोकळा होईल, म्हणून अंगणवाडीताईंना भेटले. तिथे दुपारपर्यंतच मुलांना ठेवतात, पुढच्या तीन तासांचे काय, हे अजून सुटलेले नाही. आईने निवृत्तिवेतनाचा अर्ज केलेलाच नव्हता. पतीच्या मृत्यूचा दाखला तालुक्याहून आणायचा आहे, त्यासाठी तिचा एक दिवसाचा रोज बुडेल, म्हणून येत्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मी तिच्याबरोबर जाणार आहे. मुलीने मला दारापर्यंत सोडताना विचारले, आठवीचे विज्ञानाचे पुस्तक कितव्या पाठापर्यंत झाले आहे. येथे कोणी बालसंगोपनाचा अर्ज भरला असेल, तर त्याला सोबत कोणकोणती कागदपत्रे लागतात, ते कृपया सोमवारपर्यंत कळवावे.